लहान मुलांना घेऊन कोल्हापुरात फिरताना शी-शूची सोय कशी करावी

तीन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १५० मिलिलिटर लघवी मावते. डॉक्टर यासाठी एक सोपा हिशोब धरतात: मुलाच्या वयात २ मिळवायचे आणि ३० नं गुणायचं. म्हणजे दोन वर्षांच्या बाळाचे १२०, चार वर्षांच्या मुलाचे १८० मिलिलिटर. रंकाळ्यावर फिरताना आपण हातात देतो तो उसाच्या रसाचा मोठा ग्लास यापेक्षा जास्त भरतो. हे एकदा लक्षात आलं की "आत्ताच तर घरून करून निघालो ना?" असं मुलाला म्हणावंसं वाटत नाही.

दुसरी गोष्ट जाणिवेची. मोठ्या माणसाला मूत्राशय भरत आल्याची सूचना बरीच आधी मिळते आणि तो आरामात वेळ काढू शकतो. लहान मुलाला ती उशिरा कळते. त्यात समोर पाळणा फिरत असेल, घोडा दिसत असेल तर कळूनही ते दुर्लक्ष करतं. म्हणून "आई, शू" असं तोंडातून येईपर्यंत वेळ जवळजवळ संपलेली असते. नुकतीच डायपर सुटलेल्या अडीच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर जेमतेम दोन-तीन मिनिटं हातात असतात.

माझं पुढचं सगळं सांगणं यावरच उभं आहे. घराबाहेर असताना मुलानं सांगायची वाट बघायची नाही, आणि सांगितल्यावर त्याला धरून ठेवायला लावायचं नाही. वेळेचं भान मोठ्यांनी ठेवायचं.

दाबून ठेवायची सवय लागली की मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, मागे राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग होतो. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यानं त्यांना हा त्रास अधिक. शी दाबली तर आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, ती कडक होते, पुढच्या वेळी दुखतं, आणि दुखतं म्हणून मूल पुन्हा दाबतं. हे चक्र सुरू झालं की महिनोन्महिने चालतं. आत साठलेली शी मूत्राशयावरही दाब आणते, त्यामुळं बद्धकोष्ठ असलेल्या मुलाला शूसुद्धा वारंवार आणि एकाएकी लागते.

घरातली वडीलधारी माणसं प्रेमानं सांगतात, "प्रवास आहे, पोराला पाणी कमी द्या." हे ऐकू नका. पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला चुरचुरते आणि उलट थोडी थोडी शू सारखी लागते. एप्रिल-मेच्या उन्हात तर पाणी तोडणं धोक्याचंच. घोट-घोट पाणी देत राहा. एकदम बाटलीभर मात्र पाजू नका.

निघण्याआधी

खाल्ल्यानंतर साधारण अर्ध्या तासात आतड्याची हालचाल वाढते. ही शरीराची नेहमीची रीत आहे आणि तिचा फायदा करून घेता येतो. सकाळी आठला निघायचं असेल तर सातच्या आत नाश्ता द्या आणि साडेसातच्या सुमाराला मुलाला पाचेक मिनिटं शांतपणे बसवा. घाईघाईनं दूध पाजून लगेच रिक्षात बसलं की हीच वेळ नेमकी रस्त्यात येते.

"शू लागलीय का?" असं विचारलं की तीन वर्षांचं मूल हमखास "नाही" म्हणतं. त्यापेक्षा तो घरचा नियमच करून टाका: चपला घालायच्या आधी सगळे शू करून येतात. आधी आजी, मग बाबा, मग बाळ. मोठ्यांना जाताना बघितलं की मुलं कुरकुरत नाहीत.

बाहेर पडल्यावर नुकतंच सांगायला शिकलेल्या मुलाला तासा-दीड तासानं न्या, साडेतीन-चारच्या पुढच्या मुलाला दोन तासांनी. मोबाइलवर आवाज न करणारा गजर लावून ठेवा. दुकानात शिरताना, जेवायला बसताना, गाडीत चढताना, अशा प्रत्येक टप्प्याला शूची जोड दिली की गजराचीही गरज उरत नाही.

काय खायला-प्यायला दिलं यावरही पुढचा तास ठरतो. उसाचा रस, शहाळं, कलिंगड दिलं तर पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात स्वच्छतागृहाजवळ राहायची तयारी ठेवा. चहानंही लघवीची घाई वाढते, आणि तसाही तो या वयाला नकोच. मिसळीच्या कटाचा हट्ट मूल करतं खरं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचीच जळजळ होते. दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध मोठ्यांच्या कौतुकाचं असलं तरी लहानग्याला न उकळलेलं दूध देऊ नका. त्यातल्या जंतूंनी पोट बिघडू शकतं.

मुलाचं अंगही आधी बोलतं, ते ओळखायला शिका. चालता चालता पाय आवळणं, एका पायावर नाचणं, चड्डी धरणं, खाली बसून टाच दोन पायांच्या मध्ये दाबणं ही शूची लक्षणं. शीची निराळी: बडबडं मूल एकदम गप्प होतं, सोफ्यामागे किंवा पडद्याआड जातं, चेहरा ताणला जातो. यातलं काही दिसलं की विचारत बसू नका, थेट घेऊन जा.

कपडे

इलॅस्टिकची सैल चड्डी-पँट सगळ्यात सोयीची. नाडी, पट्टा, डांगरी, घट्ट जीन्स यात हातातली दोन-तीन मिनिटं निघून जातात. मुलग्यांच्या पँटच्या झिपमध्ये नाजूक कातडी अडकण्याची भीती असते, म्हणून या वयाला झिपच नको. मुलींना लेगिंगपेक्षा फ्रॉक बरा. परकर-पोलकं घातलं असेल तर परकर मागून पुढं गोळा करून कमरेला खोचता येतो. पाडव्याला नाहीतर लग्नात मुलग्याला धोतर नेसवायचं असेल तर इलॅस्टिकवालं तयार धोतर घ्या. गडद रंगावर ओलसरपणा उठून दिसत नाही, त्यामुळं मूल चारचौघांत ओशाळत नाही. पायात रबरी तळव्याच्या, मागून पट्टा असलेल्या चपला असू द्यात, कारण बाहेरच्या स्वच्छतागृहांची फरशी ओली असतेच.

बरोबरच्या आईनंही आपल्या कपड्यांचा विचार करावा. ओढणीला गाठ, पदर कमरेला खोचलेला, मोबाइल चेन असलेल्या कप्प्यात. वाकल्यावर खिशातला किंवा ब्लाऊजमधला मोबाइल भांड्यात पडतो.

पिशवी

शी-शूचं सामान वेगळ्या लहान पिशवीत ठेवा आणि ती सगळ्यांत वर असू द्या. खाऊच्या डब्याखाली गेलेली चड्डी वेळेला सापडत नाही.

दोन-तीन चड्ड्या, एक-दोन पँट आणि मोज्यांचा एक जोड लागतोच. शू पायावरून ओघळून मोज्यात उतरते आणि नेमके मोजेच घ्यायचे राहतात. ओले कपडे ठेवायला घट्ट बंद होणारी जाड पिशवी. एक दुपटं किंवा जुनी ओढणी. आडोसा करायला, अंग पुसायला, गाडीच्या सीटवर अंथरायला तीच उपयोगी पडते. कागदी साबणाची डबी. थोडं वर्तमानपत्र. पाच-दहा रुपयांची सुटी नाणी, कारण पैसे घेणाऱ्या प्रत्येक स्वच्छतागृहात फोननं पैसे देता येतातच असं नाही.

अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या आणि तिच्या टोपणाला तापवलेल्या दाभणानं चार-पाच भोकं पाडा. बाटली दाबली की पाण्याच्या बारीक धारा निघतात आणि एका हातानं मुलाला धरून दुसऱ्या हातानं धुता येतं. तांब्या नाही, प्लास्टिकचा मग नाही, नळाला पाणी नाही, अशा ठिकाणी या बाटलीसारखी सोबत नाही. तिच्यावर खूण करून ठेवा, पिण्याच्या बाटलीत घोळ नको.

पुसायला बाजारातले ओले वाइप्स चालतात, पण आमच्याकडं सासूबाईंनी जुन्या मऊ धोतराचे हातभर तुकडे करून दिले ते कोणत्याही वाइप्सपेक्षा सरस निघाले. कातडीला खुपत नाहीत, धुऊन पुन्हा वापरता येतात. वाइप्स वापरलेच तर ते संडासात टाकू नका. ते विरघळत नाहीत, नळी तुंबते.

शहरात: जागा आधी हेराव्यात

महाद्वार रोडला खरेदीला जाताना कुठल्या दुकानात काय घ्यायचं हे आपण ठरवून जातो. त्याच यादीत वाटेवरच्या दोन-तीन स्वच्छतागृहांची जागा लिहून ठेवा. मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्थानक, मॉल, मोठी साड्यांची दुकानं, बसून जेवायची हॉटेलं, दवाखाने, पेट्रोल पंप या ठिकाणी सोय मिळण्याची शक्यता जास्त. गुगल मॅप्सवर सार्वजनिक शौचालय असं शोधलं तरी काही सापडतात. त्याखाली लोकांनी टाकलेले फोटो बघितले की जायचं की नाही ते ठरवता येतं. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी ग्राहकांना मोफत द्यायचं असतं. कुलूप दिसलं तर किल्ली मागा, लाजू नका.

गुजरीत किंवा गल्लीबोळात अडकलात आणि काहीच दिसेना, तर सरळ विचारा. विचारायचं कसं, यातच निम्मं काम आहे. "दादा, लहान पोर आहे, शू लागलीय, आत सोय आहे काय?" असं दुकानदाराला थेट म्हणायचं. घराच्या दारात बाई दिसल्या तर, "वैनी, पोरीला शू लागलीया, दोन मिनिटं न्हाणीत नेऊ काय?" लेकराचं नाव काढल्यावर या गावात बहुतेक जण दार उघडतात. काम झालं की दोन तांबे पाणी जास्त ओता, फरशी कोरडी करा आणि मुलाच्या तोंडून "थँक्यू मावशी" म्हणवून घ्या. आपण नीट वागलो तर पुढच्या आईलाही त्या घरात हो मिळेल.

रंकाळ्यावर संध्याकाळी जाताना आधी स्वच्छतागृह कुठं आणि किती वाजेपर्यंत उघडं आहे ते बघा आणि त्याच बाजूला खेळा. पाळण्यापासून तिथपर्यंत पोराला काखेत घेऊन धावायचं अंतर किती, याचा अंदाज घेऊनच भेळ मागवा.

अंबाबाईच्या दर्शनाला थोडी जास्त तयारी लागते. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि नवरात्रात रांग लांब असते, आणि एकदा आत शिरलं की लेकराला घेऊन मधून बाहेर पडणं अवघड होतं. मूल लहान असेल तर दिवस आणि वेळ बदला, आठवड्यातल्या साध्या दिवशी पहाटे जा. तेही जमत नसेल तर मुखदर्शन घ्या. मुखदर्शनाच्या रांगेला वेळ कमी लागतो आणि देवीचं दर्शन तेवढंच होतं. मुख्य रांगेतूनच जायचं असेल तर दोघं मोठे बरोबर हवेत: एकानं रांगेत उभं राहायचं, दुसऱ्यानं मुलाला बाहेर मोकळ्या जागेत ठेवायचं आणि रांग पुढं सरकली की आत यायचं. मागच्यांना आधीच सांगून ठेवा, "मावशी, लेकराला घेऊन बायको येणार आहे, जागा असू दे." आधी सांगितलं तर कुणी हरकत घेत नाही, आयत्या वेळी घुसलं तर घेतात. शू करून आणायची ती चपला ठेवण्याआधी. चपला जमा केल्यावर अनवाणी पायानं ओल्या स्वच्छतागृहात जायची वेळ येते.

तास-दीड तासाची रांग असेल तर सांगायला शिकलेल्या मुलालाही डायपर घालायला माझी हरकत नाही. फक्त त्याला सांगा, "ही रांगेपुरती चड्डी आहे, शू लागली तर सांगच." आणि त्यानं सांगितलं तर नेता येत असेल तर न्याच. डायपर आहे म्हणून "कर त्यातच" म्हटलं की शिकलेलं पुसलं जातं.

तरीही देवळाच्या फरशीवर शू झालीच, तर घाबरून मुलावर डाफरू नका. लेकराच्या शूचा आई अंबाबाईला विटाळ नसतो. जवळच्या सेवेकऱ्याला सांगा, पाणी मागा, आणि कुणी घसरू नये म्हणून दगडी फरशी लगेच कोरडी पुसा.

जोतिबाच्या डोंगरावर आणखी एक काळजी. गुलालानं माखलेल्या हातानं मुलाची शी-शू उरकू नका, ती पूड नाजूक जागी चुरचुरते. आधी आपले हात साबणानं धुवा, मग त्याची चड्डी काढा.

भारतीय संडास आणि कमोड

घरी कमोड असलेली मुलं बाहेरचा भारतीय संडास बघून बिचकतात. भांडं रुंद, पाय ठेवायच्या जागा लांब, आतलं भोक काळं. मागं पडू ही त्यांची भीती खरी असते. ती अशी घालवा.

आत गेल्यावर आधी एक तांब्या पाणी भांड्यात ओता. भांडं ओलं झालं की चिकटत नाही, आणि पाणी आहे की नाही तेही कळतं. मग मुलाची चड्डी-पँट पूर्ण काढून पिशवीत घाला. गुडघ्यापर्यंत उतरवून ठेवलेली चड्डी भिजतेच. तीनच्या आतलं मूल असेल तर त्याची पाठ आपल्या पोटाला टेकवा, दोन्ही हात त्याच्या मांड्यांखालून घाला आणि त्याला बसल्या अवस्थेत उचलून भांड्यावर धरा. घरी तान्ह्या बाळाला आपण पायांवर बसवतो, त्याच बसण्याची त्याला सवय असते, म्हणून लगेच मोकळं होतं. आपण गुडघ्यात वाका, कमरेतून नको. तीन-चारच्या पुढच्या मुलाला पायावर उभं करा, मग खाली बसू द्या आणि समोरून दोन्ही हात धरा. "घट्ट धरलंय तुला" असं बोलत राहा. शीला वेळ लागणार असेल तर मध्ये एकदा उभं करा, पायाला मुंग्या येतात.

प्रवासाआधी आठवडाभर घरातल्या किंवा शेजारच्या भारतीय संडासात सराव करून घेतला तर बाहेर हा प्रश्न येतच नाही. घरी नसेल तर न्हाणीतल्या फरशीवर उकिडवं बसायचा सराव पुरतो.

कमोडवर उलट अडचण. पाय लोंबकळत राहिले की मूल अंग आवळून बसतं आणि पूर्ण मोकळं होत नाही. त्याला टाकीकडं तोंड करून उलटं बसवा. मांड्या आपोआप फाकतात, हातांना टाकीचा आधार मिळतो, पडायची भीती राहत नाही. सरळच बसवायचं असेल तर आपण समोर उकिडवं बसून त्याची पावलं आपल्या मांडीवर टेकवा. सीट आधी पुसा आणि कोरडी करा. मुलींना गुडघे जवळ ठेवून अर्धवट उभं राहून शू करायला लावू नका, तशी शू पूर्ण होत नाही. मुलींना धुताना आणि पुसताना हात नेहमी पुढून मागं. हे तिला शब्दांनीच शिकवा, म्हणजे शाळेत ती स्वतः करेल.

मॉलमध्ये आपोआप सुटणारा फ्लश आणि हात वाळवायच्या यंत्राचा आवाज काही मुलांना इतका घाबरवतो की ती पुढं कितीतरी दिवस तिथं जायला नकार देतात. फ्लशच्या डोळ्यावर, म्हणजे सेन्सरवर, कागदाचा तुकडा चिकटवा आणि मूल बाहेर गेल्यावर काढा.

हात साबण आणि पाण्यानं, वीस सेकंद. सॅनिटायझरनं चिकटलेली घाण निघत नाही.

लेक बाबांबरोबर असेल तेव्हा

हा प्रश्न बाबा लोक मोकळेपणानं बोलत नाहीत, पण रोजचा आहे. पुरुषांच्या बाजूला उघड्या मुताऱ्यांच्या रांगेतून चार वर्षांच्या लेकीला न्यावं का? माझं मत, न्यायला हरकत नाही. तिला कडेवर घ्या, तिचं डोकं खांद्याशी धरा, थेट दार लागणाऱ्या संडासात जा. आतला एखादा संडास अपंगांसाठी किंवा कुटुंबांसाठी वेगळा असेल तर तो आधी. बाहेर बसलेल्या मावशींना "जरा पोरीला आत बघता का?" असं विचारून अनोळखी बाईबरोबर पाठवण्यापेक्षा बाबांनीच सोबत जाणं बरं. मुलाची चड्डी कोण काढू शकतं, याचा घरचा नियम ठरलेला असावा आणि मुलाला तो पाठ असावा: आई, बाबा, आजी, आणि शाळेतल्या अमुक ताई. बाहेर घाई आहे म्हणून तो मोडायचा नाही.

सहा-सात वर्षांचा मुलगा आईबरोबर बायकांच्या बाजूला यायला लाजतो. त्याला एकट्याला पाठवायचंच असेल तर दाराबाहेर उभं राहून बोलत राहा, आणि त्यानंही उत्तर देत राहायचं असं ठरवा.

मंगल कार्यालयात

लग्नात मुलं सरबत, आइस्क्रीम, मठ्ठा असं सगळं पितात आणि आई अक्षतांच्या गर्दीत असते. पोहोचल्याबरोबर मुलाला घेऊन स्वच्छतागृह दाखवून आणा. जेवणाच्या पंगती सुटल्यावर तिथं पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मुलाची एक खेप पंगतीच्या आधी उरकून घ्या. वधू किंवा वर पक्षाच्या खोलीला जोडलेला संडास बहुधा स्वच्छ असतो, यजमानांना विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही. आणि आई लग्नघरातलीच असेल, नऊवारीत असेल, तर त्या दिवसापुरती ही जबाबदारी बाबा, मामा किंवा आत्या यांच्यापैकी एकाच्या नावानं ठरवून द्या. सगळ्यांकडं दिलेलं मूल कुणाकडंच नसतं.

एसटी, रेल्वे, गाडी

एसटीत चढताना कंडक्टरना सांगून ठेवा, "मास्तर, लहान पोर आहे, गाडी पुढं कुठं आणि किती वेळ थांबणार?" पुढची सीट घ्या. स्थानकात गाडी थांबली की एकानं गाडीतच बसायचं, दुसऱ्यानं मुलाला घेऊन उतरायचं. वाटेत अगदीच निकड आली तर मास्तरांना सांगायला संकोच नको, बेल ओढली जाते.

रेल्वे यात सुखाची. डब्यातच सोय असते आणि गाडी सुटल्यानंतरच्या पहिल्या तासात ती बरीच स्वच्छ असते, तेव्हाच मुलाला ओळख करून द्या. हलत्या गाडीत मुलाला एकट्याला आत सोडू नका, आणि आतली कडी लावताना तुम्ही आतच असल्याची खात्री करा. डब्यात घाण असेल तर १३९ या क्रमांकावर किंवा रेलमदद ॲपवर कळवा, पुढं सफाई कर्मचारी येऊ शकतात. जैविक शौचालयात डायपर किंवा कापड टाकलं की ते पूर्ण डब्यासाठी बंद पडतं.

स्वतःच्या गाडीनं पुण्याकडं निघालात तर किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे टोलनाके थांब्यांच्या खुणा म्हणून धरता येतात, आणि मध्ये पेठ नाका, कराड, साताऱ्याजवळची हॉटेलं आहेतच. कोकणात उतरायचं असेल तर मात्र घाट सुरू व्हायच्या आधीच्या गावात मूल उठवून, झोपेतून असलं तरी, शू करवून घ्या: करूळ-भुईबावड्याकडं जाताना गगनबावडा, फोंड्याकडं राधानगरी, रत्नागिरीकडं आंबा, आंबोलीकडं आजरा. घाटातल्या वळणावर गाडी थांबवणं जिवाशी खेळ आहे. पावसाळ्यात धुक्यात तर नकोच.

गाडीच्या डिकीत एक लहान प्लास्टिकची पॉटी, म्हणजे मुलांचं शी-शूचं भांडं, ठेवा. तिच्यात जाड पिशवी पसरा, तळाशी वर्तमानपत्र किंवा एक डायपर उघडून ठेवा. शी-शू शोषली जाते, पिशवीला गाठ मारून पुढच्या कचराकुंडीत टाकता येते. पन्हाळ्याला, मसाई पठाराकडं किंवा दाजीपूरला जाताना हे फार उपयोगी पडतं. थंड हवेत घाम येत नाही आणि लघवी जास्त होते, त्यामुळं पन्हाळ्याच्या धुक्यात मुलं घरच्यापेक्षा जास्त वेळा शूला जातात. ते आजारपण समजू नका.

काहीच सोय नसेल तर

अडलेल्या तीन वर्षांच्या लेकराला झाडाखाली बसवणं हा गुन्हा नव्हे, पण जागा निवडायला हवी. पाण्यापासून लांब, वाटेपासून बाजूला, माणसं बसतात-जेवतात तिथं नाही. पंचगंगेचा घाट, रंकाळ्याचा काठ, नृसिंहवाडीचं नदीपात्र इथं कदापि नाही. किल्ल्याच्या भिंतीच्या कडेलाही नाही. पन्हाळा २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे, आणि गेला नसता तरी ते आपल्या राजांचं घर आहे. शी असेल तर काठीनं वीतभर खड्डा करा, बसवा, माती ओढा. पावसाळ्यात गवतात बसवण्याआधी काठीनं गवत हलवून बघा, साप-विंचू आणि जळवा असतात. दुपट्यानं आडोसा करा. मूल लहान असलं तरी त्याला लाज असते.

डायपर गुंडाळून, चिकटपट्टीनं बंद करून, कागदात बांधून परत आणा. कुंडी दिसेपर्यंत तो आपल्या पिशवीतच राहील.

कपड्यात झालीच तर

आवाज खाली ठेवा. "असू दे, झाली. चल, बदलू या." एवढंच बोला. बाजूला न्या, ओलं काढा, बाटलीनं कमरेखाली धुवा, मऊ कापडानं टिपून कोरडं करा, कोरडे कपडे घाला, ओले पिशवीत. खाली फरशी असेल तर ती पुसा. पाच मिनिटांत पुन्हा खेळायला सोडा.

जे बोलायचं नाही तेही ठरवून ठेवा. "एवढा घोडा झालास", "बघ, सगळे हसतायत", "आता बाळासारखा डायपर घालते" ही वाक्यं मुलं वर्षानुवर्षं विसरत नाहीत, आणि पुढच्या वेळी भीतीनं सांगायचंच टाळतात. आजी-आजोबांनाही हे आधी प्रेमानं सांगा. मोठ्या भावंडाला चिडवू देऊ नका. त्याला कोरडी चड्डी आणून द्यायचं काम द्या, ते आनंदानं करतं.

बाहेर असताना पोट बिघडलं तर फिरणं थांबवा. ओआरएसची भुकटी पाकिटावर दिलेल्या मापाच्याच पाण्यात घाला, कमी पाण्यात घट्ट करू नका, आणि चमच्या-चमच्यानं देत राहा. दुकानातली गोड चवीची पेयं त्याच्या जागी चालत नाहीत. तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, सहा-आठ तासांत शू नाही, शीत रक्त दिसलं, मूल मलूल झालं, तर घरी परतायची वाट न बघता जवळचा दवाखाना गाठा. शू करताना रडणं, ताप आणि लघवीला उग्र वास. कोरडं राहायला लागलेलं मूल पुन्हा ओलं व्हायला लागणं. खूप तहान, खूप लघवी आणि घटतं वजन. आठवड्यातून तीनदाही शी न होणं किंवा चड्डीला सारखा डाग लागणं, हे सगळं बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. वजन घटण्याबरोबर तहान आणि लघवी वाढली असेल तर त्याच दिवशी.

घरी आल्यावर शीचे कपडे आधी गार पाण्यात खळबळा. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. मग साबण, मग कडक ऊन. शूचे कपडे पिशवीत रात्रभर राहू देऊ नका, वास जात नाही. भोकांची बाटली धुऊन उलटी वाळत घाला, आणि ज्या चड्ड्या खर्ची पडल्या त्यांच्या जागी दुसऱ्या त्याच रात्री पिशवीत भरून टाका.